मुंगीची हाक आणि मालकाचे भान



पवित्र कुरआनच्या २७ व्या सूरहचे नाव 'नम्ल' आहे. नम्ल म्हणजे मुंगी. या सूरहच्या १८ व्या आणि १९ व्या आयतीत एक लहानसा प्रसंग आला आहे. हजरत सुलैमान (अ.) यांची सेना मुंग्यांच्या खोऱ्याजवळ येते. त्या सेनेत माणसे आहेत, जिन्न आहेत, पक्षी आहेत. तेव्हा एक मुंगी आपल्या सोबतिणींना सावध करते, की बिळांत शिरा, नाहीतर सुलैमान आणि त्यांचे लष्कर तुम्हाला चिरडून जाईल आणि त्यांना त्याचे भानही असणार नाही. हजरत सुलैमान (अ.) ते बोलणे ऐकतात, स्मित करतात आणि लगेच आपल्या पालनकर्त्याकडे कृतज्ञ राहण्याची व सत्कर्म करण्याची बुद्धी मागतात.

हा प्रसंग आपण लहानपणी मकतबमध्ये ऐकलेला असतो आणि मुलांची गोष्ट म्हणून सोडून दिलेला असतो. परंतु मुंगीच्या बोलण्यातील शेवटचा भाग थांबून पाहण्याजोगा आहे. तिने सुलैमान (अ.) यांच्यावर क्रौर्याचा आरोप केलेला नाही. ते मुद्दाम चिरडतील असे ती म्हणत नाही. त्यांना भान नसेल, एवढेच ती म्हणते. तेथे आलेला शब्द 'शऊर' याच धातूपासून बनलेला आहे, आणि शऊर म्हणजे जाण, भान. मोठ्यांच्या पायाखाली लहान भरडले जातात ते बहुतेक वेळा मोठ्यांच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर त्यांचे पायाखाली लक्षच नसते म्हणून, हे त्या इवल्या जिवाला कळले होते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एवढ्या प्रचंड लवाजम्याच्या गलबल्यात त्या राज्यकर्त्याला ही हाक ऐकू आली.

आज मोठमोठ्या कंपन्यांत अधिकाऱ्यांना 'माइंडफुलनेस'चे वर्ग दिले जातात. आपल्या शिकलेल्या तरुणांच्या कानावर हा शब्द येतो आणि मग ते विचारतात, की मौलाना, असे काही इस्लाममध्ये आहे का? शब्दाची थोडी हकिकत सांगतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये ताण आणि वेदना यांनी त्रस्त झालेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याची मुळे बौद्ध साधनेत आहेत. आपल्या महाराष्ट्रात इगतपुरीला सत्यनारायण गोयंका यांचे विपश्यना केंद्र त्याच्याही आधीपासून, १९७६ पासून चालू आहे. चालू क्षणी जे घडत आहे त्याकडे शांतपणे लक्ष देणे, हा या पद्धतींचा साधारण आशय. पुढे हीच गोष्ट दवाखान्यांतून कचेऱ्यांत आली आणि नेतृत्वाचे एक कौशल्य म्हणून शिकवली जाऊ लागली.

त्यांच्याकडे काहीच चांगले नाही असे म्हणण्याची घाई आपण करू नये, आणि हे सर्व आमच्याकडे आधीपासूनच होते अशी फुशारकीही मारू नये. दोन्ही गोष्टी अभ्यास टाळण्याच्या युक्त्या आहेत. फरक कोठे आहे तो पाहावा. हजरत उमर (रजि.) यांनी कथन केलेल्या आणि 'हदीसे जिब्रील' म्हणून प्रसिद्ध असलेल्या हदीसमध्ये हजरत जिब्रील (अ.) मानवी रूपात येऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांना 'एहसान' म्हणजे काय ते विचारतात. प्रेषित (स.) यांच्या उत्तराचा आशय असा, की आपण अल्लाहला पाहत आहोत अशा भावनेने त्याची उपासना करावी, आणि ते जमत नसेल तर निदान तो आपल्याला पाहत आहे हे विसरू नये. सूफी आणि विद्वान या अवस्थेला 'मुराकबा' म्हणतात. 'रकीब', म्हणजे निगराणी करणारा, हे अल्लाहच्या नामांपैकी एक आहे आणि सूरह निसाच्या पहिल्याच आयतीचा शेवट त्या नामाने होतो.

म्हणजे एकीकडे माणूस स्वतःला पाहतो, दुसरीकडे आपण पाहिले जात आहोत हे तो जाणतो. कामाच्या ठिकाणी हा भेद बारीक राहत नाही. स्वतःकडे पाहायला शिकलेला मालक शांत होईल, त्याची झोप सुधारेल, त्याचा रक्तदाब उतरेल. हे सर्व इष्टच आहे. पण शांत चेहऱ्याने मजुरी कापता येते. श्वासावर लक्ष ठेवून बारा तास राबवून घेता येते. आपण पाहिले जात आहोत हे ज्याला ठाऊक आहे त्याची शांतता त्याच्यापाशी थांबू शकत नाही. ती समोरच्या माणसापर्यंत पोहोचली की नाही, याचा त्याला जाब द्यायचा असतो. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांची प्रसिद्ध हदीस आहे, जिच्यात प्रत्येक माणसाला राखणदार म्हटले आहे आणि प्रत्येकाला त्याच्या ताब्यातील लोकांविषयी विचारले जाईल असे सांगितले आहे. त्यात शासक आहे, घरधनी आहे, गृहिणी आहे आणि मालकाच्या धनाची राखण करणारा सेवकही आहे. पंधरा मजुरांचा मुकादम या यादीबाहेर राहत नाही.

आता आपल्या देऊळगाव राजाकडे वळू. हा तालुका, शेजारचा सिंदखेड राजा आणि पलीकडचा जालना हा सगळा पट्टा बियाण्यांचा आहे. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको कंपनी स्थापन केली. त्यांच्या कामासाठी १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. तेव्हापासून बियाण्यांचा धंदा या भागात रुजला आणि आज आपल्या गावांच्या शिवारात शेडनेटच शेडनेट दिसतात. मिरची, टोमॅटो, काकडी यांचे संकरित बी तेथे तयार होते. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना सांगायला नको, पण शहरातील वाचकांसाठी सांगतो. टोमॅटोच्या मादी झाडावरील उमलण्याच्या बेतात असलेली कळी चिमट्याने उघडून तिच्यातील पुंकेसर काढून टाकावे लागतात. बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग तिच्यावर लावायचे आणि ओळखीची खूण करायची. याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. एका झाडावर अशा कितीतरी कळ्या, एका रांगेत कितीतरी झाडे, आणि जाळीखालच्या उकाड्यात हे काम बहुतेक करून मजूर स्त्रियांच्या बोटांनी चालते. एखादी कळी उशिरा हाती लागली, ती आतल्या आत स्वपरागित झाली आणि तिचे फळ न खुडता राहून गेले, तर ते बी भेसळीचे ठरते. कंपनी नमुन्याचे बी पेरून झाडे उगवून पाहते, त्याला 'जीओटी' म्हणतात. त्यात शुद्धता कमी भरली की सगळा माल नापास होऊ शकतो. शेतकऱ्याचे पैसे या निकालावर अडलेले असतात आणि निकाल यायला महिने लागतात.

मनाचे अवधान म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. पण अवधानाची अपेक्षा कोणाकडून केली जाते ते पाहा. चिमटा धरणाऱ्या बाईचे लक्ष क्षणभर विचलित होता कामा नये, आणि बांधावर उभ्या असलेल्या मालकाचे लक्ष मात्र फोनवर, दुसऱ्या शेडवर, कर्जाच्या हप्त्यावर, वेळेवर न आलेल्या टेम्पोवर. तो मध्येच आत येतो, ओरडतो आणि निघून जातो. ओरडल्याने हात भराभर चालू लागतात. आणि हात भराभर चालले की कळ्या सुटतात. एवढे तर कोणताही अनुभवी मुकादम सांगेल. त्याच्या पुढची गोष्ट मात्र तो सांगणार नाही. जिच्या हातून कळ्या सुटल्या तिला ते तेव्हाच कळलेले असते. ती संध्याकाळी येऊन म्हणू शकली असती, की भाऊ, त्या कोपऱ्यातल्या रांगेत आज गडबड झाली, उद्या तेवढी फळे काढून टाका. तेवढ्याने माल वाचला असता. ती म्हणत नाही, कारण कालच कोणाचा तरी रोज कापला गेलेला असतो.

याच सूरह नम्लमध्ये, मुंगीच्या प्रसंगाला लागूनच, हुदहुद पक्ष्याचा प्रसंग येतो. हजरत सुलैमान (अ.) पक्ष्यांची पाहणी करतात आणि त्यांच्या ध्यानात येते की हुदहुद दिसत नाही. असंख्य सैन्यातील एक पक्षी! इमाम कुर्तुबी यांनी आपल्या तफसीरमध्ये या आयतीवरून असा निष्कर्ष काढला आहे, की राज्यकर्त्याने आपल्या प्रजेची जातीने विचारपूस केली पाहिजे. आणि मला येथे सुलैमान (अ.) यांच्या प्रश्नाचा क्रम विशेष वाटतो. ते आधी स्वतःविषयी शंका घेतात, की मलाच तो दिसत नाही काय? आणि नंतर विचारतात, की की तो खरोखर गैरहजर आहे? त्या जागी कुरआनात आलेला शब्द आपल्या मराठीत 'गायब' म्हणून रोज वापरात आहे.

त्यानंतर ते कडक शिक्षेची भाषा बोलतात. शिस्त नाहीच असे कोणी समजू नये. पण त्याच वाक्यात ते एक दार उघडे ठेवतात. त्याने स्पष्ट कारण आणून दिले तर गोष्ट वेगळी. थोड्याच वेळात हुदहुद येतो आणि जे बोलतो ते कोणत्याही दरबारात बोलायला छाती लागते. त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा, की आपल्याला जे ठाऊक नाही ते मला कळले आहे. मी सबाहून पक्की बातमी आणली आहे. एक लहानसा पक्षी त्या काळच्या सर्वांत बलाढ्य राज्यकर्त्याला सांगतो, की हे आपल्याला माहीत नाही. सुलैमान (अ.) त्याला गप्प करत नाहीत, आणि त्याच्या बोलण्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवत नाहीत. ते म्हणतात, की तू खरे बोलतोस की खोटे ते आम्ही पाहू. आणि पडताळणीसाठी सबाच्या राणीकडे पत्र पाठवायचे ठरते, तेव्हा ते नेण्याचे काम ज्याच्यावर क्षणापूर्वी संशय होता त्याच्यावरच सोपवले जाते.

आपल्या हाताखाली दहा माणसे असोत की शंभर, त्यांपैकी कोण आपल्याला असे सांगू शकतो? गॅरेजमधील पोरगा उस्तादला सांगू शकतो का, की हा नट आवळायचा राहिला आहे? दुकानातील नोकर शेठला सांगू शकतो का, की काल गिऱ्हाइकाला वजन कमी गेले? ज्या मालकाला गेल्या वर्षभरात कोणीच असे काही सांगितलेले नाही त्याने, माझा कारभार चोख आहे, असा अर्थ काढू नये.

हुदहुदच्या प्रसंगाची उलटी बाजू पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. आपला हा सारा मुलूख सिंदखेडच्या जाधवरावांचा. लखुजी जाधवराव हे अहमदनगरच्या निजामशाहीतील मोठे सरदार, जिजाबाईंचे वडील. मध्यंतरी ते मोगलांकडे गेले होते आणि नंतर परत निजामशाहीत आले होते. त्यामुळे सुलतान मुर्तजा निजामशाहाच्या मनात संशय होता. जुलै १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर लखुजी दरबारात आले असताना त्यांना, त्यांच्या दोन मुलांना आणि नातवाला तेथेच ठार करण्यात आले. चौकशी नाही, बाजू मांडण्याची संधी नाही. जे दार सुलैमान (अ.) यांनी एका पक्ष्यासाठी उघडे ठेवले होते ते या सुलतानाने आपल्या दरबारात आलेल्या वृद्ध सरदारासाठी बंद केले.

पुढे काय झाले ते इतिहासात नमूद आहे. जाधव घराण्यातील उरलेली माणसे मोगलांकडे गेली, शहाजीराजेही काही काळ निजामशाही सोडून गेले. सुलतानाला त्याच्याच वजिराने, मलिक अंबरच्या मुलाने, म्हणजे फतेहखानाने कैद करून ठार केले. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. राज्य बुडण्याला दुष्काळ, मोगलांची ताकद आणि दरबारातील गटबाजी अशी इतरही कारणे होती, ती नाकारता येत नाहीत. पण एका संशयाच्या क्षणी किती माणसे गमावली गेली ते पाहावे. सुलतान मुसलमान होता म्हणून आपण या हत्येवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. शरिअतच्या कसोटीवर तो अन्यायच होता. लखुजींची समाधी सिंदखेड राजाला आहे. एखाद्या दिवशी ती पाहून यावे आणि सोबत सूरह नम्लची २१ वी आयत आठवावी.

रागाच्या भरात घेतलेल्या निर्णयाविषयी हजरत अबू बकरा (रजि.) यांची हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. काझीने रागात असताना दोघांमध्ये निवाडा करू नये, असे प्रेषित (स.) यांनी फर्मावले आहे. फिकहच्या विद्वानांनी यात फार मोलाची भर घातली. त्यांनी विचारले, की राग का वर्ज्य? कारण तो मनाला दुसरीकडे गुंतवतो. मग जे जे मनाला गुंतवते त्या प्रत्येक अवस्थेत निवाडा नको, जसे तीव्र भूक, तहान, झोपेची गुंगी, लघवीचा जोर, अतिशय दुःख आणि अतिशय आनंदसुद्धा. शेकडो वर्षांपूर्वीच्या या ग्रंथांत काझीच्या पोटाचा आणि झोपेचा विचार केलेला आहे! कोणाला कामावरून काढायचे, कोणाचा रोज कापायचा, कोणावर चोरीचा आळ घ्यायचा, हे सारे निवाडेच आहेत. रमजानच्या दुपारी तीन वाजता मजुराचा हिशेब करायला बसणाऱ्या रोजेदार शेठने ही यादी एकदा वाचावी.

राग माणसाला बहिरा करतो, याचे सर्वांत जिवंत चित्र मुस्लिमच्या एका हदीसमध्ये आहे. हजरत अबू मसऊद अन्सारी (रजि.) आपल्या गुलामाला चाबकाने मारत होते. मागून कोणीतरी त्यांचे नाव घेऊन हाक मारत होते. ते स्वतः सांगतात, की रागामुळे मला तो आवाज ओळखू आला नाही. जवळ आल्यावर कळले की ते स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) होते. ज्या आवाजावर प्राण ओवाळून टाकावा तोही रागाच्या क्षणी ओळखू आला नाही! प्रेषित (स.) यांनी त्यांना जाणवून दिले, की तुझी या गुलामावर जेवढी सत्ता आहे त्याहून कितीतरी अधिक अल्लाहची तुझ्यावर आहे. हातातून चाबूक गळून पडला आणि त्यांनी त्या गुलामाला मुक्त केले. मुराकबा म्हणजे काय, याची व्याख्या कोणी विचारली तर मी हीच हदीस सांगतो. राग आल्यास उभा असलेल्याने बसावे आणि तरीही तो न ओसरल्यास आडवे व्हावे, ही अबू दाऊदमधील शिकवणही व्यवहाराची आहे. बसलेल्या माणसाचा हात सहजी दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

मराठीचा अभ्यास करताना मला एका शब्दाने फार विचारात पाडले. तो शब्द म्हणजे 'हजेरी'. तो अरबीतील 'हाजिर'वरून आला. नमाजच्या संदर्भात आपण ज्याला 'हुजूरे कल्ब', म्हणजे मनाची उपस्थिती, म्हणतो तोही त्याच मुळाचा. 'मुकादम' हाही अरबी, म्हणजे पुढे ठेवलेला. 'गफलत' तर थेट कुरआनातूनच आपल्या बोलीत उतरलेला शब्द वाटावा. सकाळी सात वाजता मुकादम वहीत सगळ्यांची हजेरी मांडतो. पुढे ठेवलेल्या त्या माणसाचे स्वतःचे मन हजर आहे काय, हे मांडायला वहीत रकाना नसतो. तो रकाना नमाजमध्ये आहे.

जमातीची नमाज ही पुढे उभ्या असलेल्या माणसाची रोज पाच वेळा होणारी तालीम आहे. हजरत मुआज (रजि.) यांनी इशाच्या नमाजमध्ये लांबलचक सूरह सुरू केली. दिवसभर पाण्याच्या उंटांमागे राबून आलेला एक माणूस मागे उभा होता. त्याला ते झेपले नाही, तो वेगळी नमाज पढून निघून गेला. तक्रार प्रेषित (स.) यांच्यापर्यंत गेली, तेव्हा त्यांनी त्या कष्टकऱ्याला दोष दिला नाही. त्यांनी मुआज (रजि.) यांना कडक शब्दांत समज दिली आणि लहान सूरह पठण करण्यास सांगितले. प्रेषित (स.) यांची स्वतःची रीत अशी होती, की नमाज लांबवण्याचा मनोदय असतानाही मागून बाळाचे रडणे ऐकू आले, तर त्याच्या आईच्या जिवाची घालमेल जाणून ते नमाज आटोपती घेत. आपण समजतो, की ध्यान लागले म्हणजे आजूबाजूचे काहीच ऐकू येऊ नये. येथे तर ज्यांच्याहून अधिक एकाग्र नमाज कोणाची नव्हती त्यांनाच शेवटच्या ओळींतील बाळ ऐकू येत होते.

आणि चूक झाली तर? एकदा प्रेषित (स.) यांनी चार रकअतींच्या नमाजमध्ये दोनच रकअतींवर सलाम फेरला. ओळींत हजरत अबू बकर (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) होते. आदरयुक्त धाकामुळे तेही बोलले नाहीत. बोलले ते जुल्यदैन नावाने ओळखले जाणारे एक सहाबी. त्यांनी विचारले, की नमाज कमी करण्यात आली आहे, की आपण विसरलात? प्रेषित (स.) यांनी इतरांना विचारून खात्री करून घेतली, राहिलेल्या रकअती पूर्ण केल्या आणि विस्मरणाचे दोन सजदे केले. बुखारी व मुस्लिम दोन्हींत हे आहे. म्हणूनच आजही इमाम चुकला तर मागचा कोणीही, मग तो हमाल असो की हाफिज, सुब्हानल्लाह म्हणून त्याला सावध करतो, आणि इमामाला परत फिरावे लागते. नंतर त्या माणसाला कोणी बाजूला घेऊन दटावत नाही. माझ्या पाठीमागे उभे राहणाऱ्या कित्येक बंधूंचे स्वतःचे धंदे आहेत. मशिदीत ते मला लुकमा देतात, ते योग्यच आहे. त्यांच्या दुकानात त्यांना लुकमा देण्याची मुभा कोणाला आहे, हे मात्र त्यांनीच तपासावे. (इमामांच्या बाबतीतही मशिदीबाहेर हाच प्रश्न विचारता येईल, हे मला मान्य आहे.)

काही बंधू विचारतील, की प्रत्यक्षात करायचे काय? मला येथे यादी द्यायची नाही. एवढेच सुचवतो, की हंगामाच्या दिवसांत शेडमध्ये किंवा कारखान्यात शिरण्यापूर्वी दारात क्षणभर थांबावे, फोन खिशात ठेवावा, सलाम करावा किंवा जो जसा आहे त्याला तसा रामराम करावा आणि मग आत जावे. घरात शिरताना सलाम करण्याची जी शिकवण सूरह नूरमध्ये आहे तिचा हेतू आपण जेथे काम करवून घेतो तेथेही जपता येतो. आपल्याकडील मजूर स्त्रियांपैकी बहुतेक जणी मुसलमान नाहीत. त्यांच्याशी वागताना आपण केवळ मालक नसतो, आपल्या धर्माचा त्यांना वाचता येणारा एकमेव ग्रंथ आपणच असतो. शुक्रवारी जुमाच्या अजाननंतर व्यवहार सोडण्याचा आदेश सूरह जुमाच्या ९ व्या आयतीत आहे. मालक जुमाला येतो आणि त्याचा मुसलमान नोकर मात्र गल्ल्यावर बसून राहतो, हे दृश्य कोणत्या तफसीरमध्ये बसते ते मला सापडलेले नाही.

आता मजुरीविषयी. घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्या, ही इब्ने माजामधील हदीस सर्वांना पाठ आहे. आपल्या भागातील शेतकरी यावर म्हणतो, की कंपनीचा पैसा मला निकालानंतर मिळणार, मी आज कोठून देऊ? अडचण खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. पण उत्पादकाने कंपनीशी केलेला करार हा त्याचा करार आहे, मजुराने त्यावर सही केलेली नाही. नापास मालाची जोखीम रोजंदारीवर टाकता येत नाही. उशीर होणारच असेल तर ते काम सुरू होण्यापूर्वी सांगावे, तारीख ठरवावी आणि मजुराची खुशी असेल तरच त्याला ठेवावे. बुखारीतील हदीसप्रमाणे कयामतच्या दिवशी ज्या तिघांविरुद्ध अल्लाह स्वतः वादी असेल त्यांतील एक म्हणजे मजुराकडून पुरते काम घेऊन त्याची मजुरी न देणारा.

येथेही प्रश्न पुष्कळदा लबाडीचा नसून विसराचा असतो. हंगाम संपतो, पांगापांग होते, कोणी ऊसतोडीला जाते, कोणी पुण्याला. वहीत कोणाचे दोन दिवस, कोणाचे अर्धे आठवडे लिहिलेले राहतात. गुहेत अडकलेल्या तिघांची हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. त्यांतील एकाने मजूर लावले होते. एकजण मजुरी न घेताच निघून गेला. त्याने ती मजुरी वेगळी ठेवली, तिच्यातून जनावरे वाढवली. फार दिवसांनी तो मजूर परत आला आणि आपली मजुरी मागू लागला. मालकाने समोर चरत असलेली जनावरे दाखवून म्हटले, की हे सारे तुझे. मजुराला वाटले, गरिबाची थट्टा चालली आहे. मालकाने सांगितले, की थट्टा नाही. मग तो सगळा कळप हाकून घेऊन गेला, मागे काहीही ठेवले नाही.

आपल्याला कळप द्यायचा नाही, वहीतील रक्कम द्यायची आहे. येत्या हंगामाची वही उघडण्यापूर्वी मागच्या तीन-चार वर्षांच्या वह्या काढाव्यात. ज्यांची बाकी दिसते त्यांचा मुकादमाकडे, त्यांच्या गावी, नातेवाइकांकडे शोध घ्यावा. तो माणूस वारला असेल तर ती रक्कम त्याच्या वारसांची आहे. वारसही सापडत नसतील तर फुकहांचे म्हणणे असे, की ती त्याच्या वतीने गरजूंना सदका म्हणून द्यावी आणि वहीत तशी नोंद ठेवावी, कारण तो पुढे कधी परत आला आणि सदक्याला त्याने मान्यता दिली नाही, तर त्याला ती रक्कम पुन्हा द्यावी लागेल.